वाट न पाहणारा खंडोबाचा किडा

कैरोच्या नैऋत्येला साधारण ३७० किलोमीटरवर बहारिया नावाचं मरूद्यान आहे. खजुराच्या बागा आणि झरे संपले की पुढे नजर पोचेल तिथपर्यंत दगडगोटे आणि वाळू. पावसाचं माप तिथे वर्षाकाठी काही मिलिमीटर. त्या जमिनीवरून चालताना पायाजवळचा एखादा खडा अचानक पळत सुटतो, हात-दोन हात जातो आणि थांबतो. थांबला की तो पुन्हा खडा. नजर ढळली असेल तर तो कुठे थांबला हे शोधून सापडत नाही.

अलेक्सांद्र लफेव्र या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या भागात हे पळते खडे गोळा केले. हातात घेऊन पाहिलं तर त्रिकोणी डोकं, टपोरे डोळे आणि छातीशी दुमडून धरलेले दोन काटेरी पाय. म्हणजे आपला खंडोबाचा किडाच. फक्त आखूड, रुंद, चपटा आणि उंच काटकुळ्या पायांवर उभा. १८३५ साली लफेव्रने त्याचं वर्णन छापलं आणि प्रजातीला नाव दिलं ‘एरेमिआफिला’. ग्रीक भाषेत याचा अर्थ ‘वाळवंटावर प्रेम करणारी’.

लफेव्रने दोन गोष्टी टिपून ठेवल्या. एक रंगाची. जमीन तपकिरी असेल तिथे किडे तपकिरी, आणि तिथून थोड्याच अंतरावर पांढरी चुनखडी लागली की तिथले किडे पांढरे. दुसरी गोष्ट हे किडे खातात काय, ही. ते जिथे सापडले तिथे त्याला ना झाडपाला दिसला, ना दुसरा कुठला कीटक. शिकार करणारा प्राणी आहे आणि शिकारच नाही, हे कोडं त्याला सुटलं नाही. मला हा माणूस आवडतो तो या दुसऱ्या नोंदीसाठी. नवी प्रजाती हाती लागल्याच्या आनंदात तिच्या पोटाची चौकशी करायला तो विसरला नाही. आणि त्या चौकशीतूनच या किड्याचं सगळं शरीर उलगडत जातं.

आधी आपल्या ओळखीचा खंडोबाचा किडा डोळ्यांसमोर आणू. पावसाळ्यात तोंडलीच्या वेलावर किंवा रात्री व्हरांड्यातल्या दिव्याजवळ तो दिसतो. पुस्तकात त्याला प्रार्थनाकीटक म्हणतात, कारण पुढचे पाय जोडून तो तासन्‌तास बसलेला असतो. ते पाय म्हणजे मिटणारा अडकित्ता आहे. मांडीवर काट्यांची रांग, नडगीवर काट्यांची दुसरी रांग, आणि नडगी मांडीवर मिटली की मधलं सुटत नाही. झडप एका सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात, बहुतेकदा त्याहूनही लवकर संपते. एवढं वेगवान हत्यार असूनही त्याचा दिवस मुख्यतः काही न करण्यात जातो. पानासारखा हिरवा रंग, वाऱ्यासोबत हलकं डुलणं आणि वाट पाहणं. माशी येते, मधमाशी येते, फुलपाखरू येतं.

ही पद्धत दोन अटींवर चालते. लपायला जागा हवी आणि समोरून वर्दळ हवी. फुललेल्या वेलावर बसलेल्या किड्यासमोरून दिवसभरात कितीतरी कीटक जातात. दहा हुकले तरी अकरावा मिळतो, आणि बसून राहण्याला खर्च जवळपास नाही. वाळवंटात दोन्ही अटी मोडतात. पानच नाही, तर पानाआड बसायचं कुठे? आणि एका जागी बसून राहिलं तर समोरून काही जाईपर्यंत दिवस मावळेल, कदाचित आठवडा उलटेल. तिथे शिकार येत नाही, शिकारीपर्यंत जावं लागतं. एकदा हे ठरलं की पंख, पाय, मान, कान, अंडी, सगळ्यांचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. एरेमिआफिला हा तो नव्याने मांडलेला हिशेब आहे.

पायांपासून सुरुवात करू. किड्याची लांबी जेमतेम दीड ते साडेतीन सेंटिमीटर, पण मधले आणि मागचे पाय शरीराच्या मानाने खूपच लांब. पुढचे दोन पाय शिकारीसाठी राखून ठेवलेले, त्यामुळे धावायचं ते उरलेल्या चार पायांवर. लांब पायांचे फायदे अनेक. एक तर टांग मोठी पडते. दुसरं म्हणजे भाजणं टळतं. सहारातल्या वाळूचा पृष्ठभाग उन्हाळ्यात ६० अंश सेल्सिअसच्या वर जातो, पण तापलेल्या जमिनीलगतचा हवेचा थर फार पातळ असतो. सेंटिमीटरभर वर उचललेलं पोट आणि वाळूला टेकलेलं पोट यांत जगण्या-मरण्याचा फरक पडू शकतो. त्याच वाळवंटात दुपारी बाहेर पडणाऱ्या कॅटाग्लिफिस मुंग्यांचे पायही असेच लांब आहेत. आणि तिसरा फायदा दिसण्याचा. सपाट जमिनीवर सेंटिमीटरभर उंचीच्या प्राण्याला हरभऱ्याएवढा खडासुद्धा भिंतीसारखा आडवा येतो. डोळे जितके वर, तितका मुलूख मोठा.

ज्याला आपण सहज मान म्हणतो तो खरं तर त्याच्या छातीचा पहिला भाग. वेलावरच्या जातींमध्ये हा भाग लांबलचक असतो, कारण बसल्या जागेवरून दूरची माशी पकडायची तर हात लांब हवा आणि हाताला पुढे नेणारी मानही लांब हवी. एरेमिआफिलाचा हा भाग जवळजवळ चौकोनी, जितका लांब तितकाच रुंद. त्याला अंतर हाताने कापायचं नसतं, पायांनी कापायचं असतं. शेवटच्या थोड्याशा अंतरापुरती झडप पुरते. लांब मान घेऊन धावणं अवघडही झालं असतं. आखूड आणि रुंद धड तोल सांभाळतं आणि वरून पाहणाऱ्या पक्ष्याला गोट्यासारखं दिसतं.

पंख मात्र जवळजवळ गेलेच. नर आणि मादी दोघांच्याही पाठीवर पंखांचे फक्त आखूड तुकडे उरलेले असतात. त्यांच्यावर उडता येत नाही. उडण्याचे स्नायू बाळगायला अन्न लागतं, आणि अन्न तर तिथे मोजून मिळतं. इतर अनेक जातींत नराला पंख असतात, कारण मादीने सोडलेल्या गंधाचा माग काढत रात्री तो उडत तिच्यापर्यंत पोचतो. इथे नरही पायीच. त्यामुळे मधे वाळूच्या टेकड्यांची रांग आली, खडकाळ पठार आलं, की अलीकडचे किडे आणि पलीकडचे किडे एकमेकांना भेटत नाहीत. उत्तर आफ्रिकेपासून अरबस्तान, इराणमार्गे वायव्य भारताच्या कोरड्या पट्ट्याच्या दिशेने पसरलेल्या या एका प्रजातीत सत्तरच्या आसपास जाती नोंदल्या गेल्या आहेत. पंख गमावलेल्या कीटकांत जाती अशा तुकड्यातुकड्यांनी वाढतात, ते मला इथे लख्ख दिसतं.

पंखांसोबत आणखी एक गोष्ट बदलते, आणि ती मला सगळ्यात विलक्षण वाटते. १९८६ साली डेव्हिड येगर आणि रोनाल्ड हॉय यांनी दाखवून दिलं की खंडोबाच्या किड्यांना कान असतो. एकच, छातीच्या खालच्या बाजूला, मागच्या पायांच्या मधल्या खाचेत. तोपर्यंत हे किडे बहिरे आहेत असंच धरून चाललं होतं. हा कान आपल्याला ऐकू न येणारे अतिउच्च आवाज टिपतो, म्हणजे वटवाघळाची हाक. रात्री उडणारा किडा ती ऐकताच हवेत गिरकी घेऊन खाली कोसळतो आणि वाचतो. पुढच्या तपासण्यांत दिसलं ते असं की जिथे मादीचे पंख आखूड आहेत तिथे तिचा कानही अधू. त्याच जातीच्या पंखवाल्या नराला ऐकू येतं आणि तिला जवळजवळ येत नाही. उडणाऱ्याला वटवाघळाचं भय, चालणाऱ्याला त्याचं काय? गरज संपली तसा कान मिटत गेला. पंख आखडले की ऐकणंही आखडतं, हे किड्याच्या शरीरात इतकं स्पष्ट लिहिलेलं असेल असं कुणाला वाटलं असतं!

आता प्रत्यक्ष शिकार. धावत शिकार करणाऱ्या कीटकापुढे एक मोठी अडचण असते आणि ती पायांची नसते, डोळ्यांची असते. आपल्याकडे ओढ्याकाठच्या वाळूत सापडणारे वाघभुंगेरे या बाबतीत प्रसिद्ध आहेत. ते इतक्या वेगात धावतात की समोरचं सगळं पुसट होऊन जातं. त्यांच्या डोळ्यांना पुरेसा प्रकाश गोळा करून चित्र बनवायला वेळच मिळत नाही. म्हणून ते धावतात, थांबतात, भक्ष्य पुन्हा शोधतात आणि पुन्हा धावतात. जमिनीवरचे खंडोबाचे किडेही अशाच टप्प्यांनी धावतात. एक झेप, एक थांबा. थांब्यात डोकं वळतं. कीटकांमध्ये खांद्यावरून मागे पाहू शकणारं डोकं यांच्याइतकं क्वचितच कुणाला लाभलं आहे.

त्या थांब्यात काय घडतं हे इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या प्रयोगांनी बरंच उलगडलं. दोन डोळ्यांतल्या चित्रांची तुलना करून अंतर ओळखणं, ज्यामुळे आपल्याला सुईत दोरा ओवता येतो, ते या किड्यांना जमतं हे सॅम्युअल रॉसेल यांनी १९८३ मध्ये दाखवलं होतं. न्यूकॅसलमध्ये जेनी रीड, विवेक नित्यानंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किड्यांच्या डोळ्यांपुढे मेणाने हिरव्या-निळ्या काचांचे चिमुकले चष्मे चिकटवले आणि त्यांना त्रिमित चित्रपट दाखवला. पडद्यावरचा ठिपका हाताच्या टप्प्यात असल्याचा भास झाला की किडा त्याच्यावर झडप घालायचा. २०१८ साली त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. माणसाचा मेंदू दोन्ही डोळ्यांतल्या चित्रांचे तपशील जुळवतो. खंडोबाच्या किड्याचा मेंदू तपशिलांकडे बघत नाही, तो फक्त बदल कुठे होतोय ते जुळवतो. स्थिर चित्र त्याच्या अंतराच्या हिशेबात जवळजवळ नसतंच. हलतं तेच त्याला किती दूर आहे ते कळतं.

हे प्रयोग फांदीवर बसून शिकार करणाऱ्या जातीवर झाले होते. पण हीच दृष्टी घेऊन पळायचं म्हणजे काय होईल, याचा विचार करून पाहा. धावणाऱ्याला सगळी जमीनच हलताना दिसते, प्रत्येक खडा मागे सरकतो. हलणाऱ्या खड्यांत हलणारी मुंगी हरवून जाते. किडा थांबला की जमीन थांबते, आणि त्या थांबलेल्या जमिनीवर एकटी मुंगी चालत राहते. माझ्या मते टप्प्याटप्प्याच्या धावण्याचं मर्म इथे आहे. हा थांबा विश्रांतीचा नसतो. वाट पाहण्याची जुनी सवय सुटलेली नाही, ती क्षणाक्षणांच्या तुकड्यांत कापून धावण्यात मिसळली आहे.

थांब्याचा दुसरा उपयोग लपण्याचा. पक्षी, सरडे आणि कोळी यांनाही हालचालच आधी दिसते. धोका जाणवला की एरेमिआफिला पळतो आणि एकाएकी थांबून पोट जमिनीला टेकवतो. लांब पायांवर उभ्या किड्याची सावली त्याला उघडं पाडते; खाली बसला की सावली त्याच्याच अंगाखाली जाते. उरतो तो खडबडीत, ठिपक्याठिपक्यांचा खडा. लफेव्रने पाहिलेली रंगांची जुळणी बहारियाच्या आसपास का इतकी ठळक दिसावी, तेही नकाशावर कळतं. या मरूद्यानाच्या दक्षिणेला काळ्या ज्वालामुखी खडकांनी झाकलेल्या टेकड्या आहेत, त्यांना काळं वाळवंट म्हणतात. तिथून पुढे फराफ्राच्या वाटेवर खडूच्या पांढऱ्याशुभ्र सुळक्यांचं पांढरं वाळवंट लागतं. एका प्रदेशात इतक्या जवळजवळ इतक्या वेगळ्या जमिनी असतील, तर पायी हिंडणाऱ्या किड्याला आपल्या तुकड्याचा रंग धरून राहावाच लागतो. खंडोबाच्या किड्यांच्या अनेक जाती कात टाकताना आजूबाजूच्या उजेडाप्रमाणे रंग बदलतात. आफ्रिकेत आणि ऑस्ट्रेलियात वणव्यानंतर जळक्या जमिनीवर काळे पडलेले किडे सापडतात.

आणि लफेव्रचं कोडं? रिकाम्या वाळवंटात खायला काय मिळतं? वाळवंट रिकामं नसतं, ते वाऱ्यावर जगतं. दूरच्या हिरव्या पट्ट्यातून उडत आलेल्या बिया, वाळलेल्या पानांचा चुरा, मेलेले कीटक खडकांच्या आडोशाला साठत राहतात. त्यावर मुंग्या, वाळवी, कसर आणि काळे भुंगेरे पोसले जातात. त्यातले बरेचसे दुपारचं ऊन बिळात काढतात आणि संध्याकाळी किंवा पहाटे बाहेर येतात. दिवसाउजेडी चालणाऱ्या प्रवाशाला जमीन ओसाड दिसली, यात त्याचा दोष नव्हता. शिकार तिथे होती. पण विखुरलेली, थोडी आणि ठरावीक वेळी येणारी. अशी शिकार फिरणाऱ्यालाच सापडते. पाणीही मुख्यतः त्या शिकारीच्या शरीरातूनच मिळतं.

अंड्यांचीही तऱ्हा वेगळी. आपल्या बागेतली मादी काडीवर फेस गाळते, तो सुकून कडक होतो आणि आत अंडी सुरक्षित राहतात. अंडपेटी काडीला चिकटलेली असते. जिथे काडीच नाही तिथे मादी ती जमिनीत पुरते. जमिनीवर राहणाऱ्या काही जातींत, रिवेटिना ही त्यांतली एक, मादीच्या पोटाच्या खालच्या बाजूला माती उकरण्यासाठी काटे असतात. वाळूखाली थोड्या खोलीवर दिवसाची काहिली पोचत नाही.

आतापर्यंत एकाच प्रजातीबद्दल बोललो, पण हा किडा एकटा नाही. उत्तर अमेरिकेच्या कोरड्या पश्चिम भागात लिटान्यूट्रिया राहतो, तीनेक सेंटिमीटरचा, करडा, जमिनीवरून आणि ठेंगण्या झुडपांच्या बुंध्यांतून धावणारा. त्याची एक जात कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या ओकानागन खोऱ्याच्या कोरड्या दक्षिण टोकापर्यंत पोचते, आणि कॅनडाचा मूळ रहिवासी असलेला तो एकमेव खंडोबाचा किडा आहे. बाकीचे तिथे माणसांनी नेले. भूमध्य समुद्राच्या काठी जिओमँटिस लार्व्हॉइडिस आहे. नावाचा अर्थच ‘पिल्लासारखा दिसणारा भूमीवरचा किडा’, कारण पूर्ण वाढ झाली तरी त्याला पंख फुटत नाहीत आणि तो जन्मभर पिल्लासारखाच राहतो. या गोष्टीत मोठा अर्थ दडला आहे असं मला वाटतं. सगळ्याच जातींची पिल्लं बिनपंखी, चपळ आणि धावरी असतात. जमिनीवर उतरण्यासाठी नवं शरीर घडवावं लागलं नाही, बाल्यातलं शरीरच पुढे चालू ठेवलं तरी बरंच काम भागलं.

हे सगळे एकमेकांचे सख्खे नातलग आहेत का? जुन्या अभ्यासकांनी दिसण्यावरून गट पाडले होते. झाडाच्या सालीवर धावणारे एका घरात, जमिनीवरचे दुसऱ्या घरात. या शतकाच्या सुरुवातीला डीएनए तपासायला सुरुवात झाली आणि ही घरं मोडली. गॅव्हिन स्वेन्सन आणि मायकेल व्हाइटिंग यांच्या कामातून दिसलं की सारखं जगणं वेगवेगळ्या घराण्यांना सारखं रूप देतं. आफ्रिकेतला सालीवरचा किडा दक्षिण अमेरिकेतल्या सालीवरच्या किड्यासारखा दिसतो, पण त्याचं खरं रक्ताचं नातं शेजारच्या झुडपावरच्या किड्याशी असू शकतं. २०१९ साली ख्रिश्चन श्वार्झ आणि रॉजर रॉय यांनी सगळ्या कुळांची फेरमांडणी छापली. खंडोबाच्या किड्यांच्या जवळपास अडीच हजार जातींचा तो नवा दाखला आहे. आणि हे सगळेच मिळून झुरळं आणि वाळवी यांचे भाऊबंद आहेत. चपटं शरीर आणि धावतं पाऊल या घराण्याला मुळातच परकं नव्हतं.

त्या फेरमांडणीत आपल्याकडचा एक किडा वाळवंटवाल्यांच्या कुळात जाऊन बसला, म्हणून तो मला जवळचा वाटतो. डिडिमोकोरिफा लॅन्सिओलाटा हे त्याचं नाव. ‘जुळी शिखरं’ असा पहिल्या शब्दाचा अर्थ. डोक्यावर दोन लांब टोकं एकमेकांना चिकटून पुढे आलेली असतात. भारत आणि श्रीलंका हा त्याचा मुलूख, आणि कोरडं गवत हे त्याचं घर. एरेमिआफिला खड्यासारखा रुंद, तर हा गवताच्या काडीसारखा निमुळता. रंग वाळक्या काडीचा, मादीला पंख नाहीत. कूळ एकच, पण वाळवंटात गेलेल्याने दगडाचं रूप घेतलं आणि गवतात राहिलेल्याने काडीचं. आपल्याकडचा धावणारा, पण दूरचा नातलग पाहायचा असेल तर तो झाडांच्या खोडांवर भेटेल. हंबर्टिएला नावाचे करडे, चपटे किडे सालीवर पोट टेकून बसलेले असतात, आणि जवळ गेलं की झरकन खोडाच्या पलीकडच्या बाजूला पळतात. तुम्ही फेरी मारून तिकडे गेलात की ते अलीकडे.

आपल्या माळरानांची सरकारी कागदांवर बहुतेक वेळा ‘पडीक’ अशी नोंद असते. लफेव्रलाही बहारियाजवळची जमीन ओसाडच दिसली होती, पण तिथेही त्याने बारकाईने पाहिलं. नान्नजच्या माळावर लोक माळढोक दिसेल या आशेने दुर्बीण लावून क्षितिज न्याहाळतात, ते ठीकच आहे. पण त्याच माळावर पावलापुढच्या हातभर जमिनीकडे पाहत दहा मिनिटं न हलता बसावं. वाऱ्याने सगळं गवत एका दिशेला झुकतं. त्यातली एक काडी जरा उशिराने झुकते, आणि तिला डोळे असतात.